अमेरिकेतल्या शाळांमधली वांशिक दरी आली कुठून?

अमेरिकेतल्या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. तिकडे सरकारी शाळा फुकट, पुस्तकं फुकट, पिवळी बस जवळपास दारात येते, गरीब मुलांना दुपारचं जेवणही मिळतं. मग कृष्णवर्णीय मुलं अभ्यासात मागे का? आणि लगेच त्याला जोडून: आपली मुलं बघा, तिकडे जाऊन स्पेलिंग बी जिंकतात! न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे ऐकू येतं, तसंच पुण्या-ठाण्यातही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं असतं, की सगळं मिळूनही जी मुलं शिकत नाहीत, त्यांच्यातच किंवा त्यांच्या घरातच काहीतरी कमी असणार. हे उत्तर चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. ते का, हे इथे सविस्तर मांडतो.

आधी दरी म्हणजे नेमकं काय ते पाहू. अमेरिकेत १९६९ पासून एक राष्ट्रीय चाचणी घेतली जाते. तिला ‘नेप’ म्हणतात, ‘देशाचं प्रगतिपुस्तक’ असंही तिचं एक नाव आहे. या चाचणीवर कुणाचा प्रवेश ठरत नाही, कुणा एका मुलाला तिचा निकालही कळत नाही. देशभरातून मुलांचा नमुना निवडायचा आणि वाचन, गणित वगैरे विषयांत पिढी कुठवर आली आहे ते मोजायचं, एवढाच तिचा हेतू. १९७१ मध्ये १७ वर्षांच्या मुलांच्या वाचनात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरासरीत ५३ गुणांचं अंतर होतं, ५०० गुणांच्या मापावर. हे किती मोठं आहे? त्या वर्षी १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांची सरासरी १३ वर्षांच्या गोऱ्या मुलांच्या सरासरीपेक्षाही खाली होती. म्हणजे शाळा संपवून बाहेर पडणारी मुलं वाचनात चार वर्षांहून अधिक मागे.

पुढचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८८ पर्यंत हे अंतर ५३ वरून २० वर आलं. सतरा वर्षांत निम्म्याहून जास्त दरी भरली गेली. त्यानंतर मात्र गाडी अडली. २०१२ मध्ये अंतर २६ होतं. कोविडनंतर तर १३ वर्षांच्या मुलांच्या गणितात ते २०२० मधल्या ३५ वरून २०२३ मध्ये ४२ वर गेलं.

इथे सरासरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे याचा अर्थ एका गटातलं प्रत्येक मूल दुसऱ्या गटातल्या प्रत्येक मुलाच्या मागे आहे, असा होत नाही. लाखो कृष्णवर्णीय मुलं सरासरी गोऱ्या मुलाच्या पुढे असतात. समोर बसलेल्या एका मुलाच्या कातडीच्या रंगावरून त्याच्या गणिताबद्दल अंदाज बांधणं हे आकडेशास्त्र म्हणूनही चूक आहे. आणि शिक्षक जेव्हा तसा अंदाज बांधतो तेव्हा काय होतं, ते पुढे येईलच.

आता ‘उपजत’ बुद्धीचा मुद्दा. लोक तो उघडपणे मांडत नाहीत, पण मनात ठेवून असतात. सतरा वर्षांत कुठल्याही समाजाची जनुकं बदलत नाहीत, आणि दरी मात्र सतरा वर्षांत निम्म्याहून कमी झाली, एवढा एकच पुरावा खरं तर पुरेसा आहे. शिवाय रोलँड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतली आठ ते बारा महिन्यांच्या बाळांची माहिती तपासली. बाळ किती कुतूहलाने पाहतं, वस्तू कशी हाताळतं, कसे आवाज काढतं यावर बेतलेल्या त्या चाचण्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांत नाव घेण्याजोगा फरक सापडला नाही. फरक दिसू लागतो तो त्यानंतर, बालवाडीच्या वयापर्यंत. म्हणजे मधल्या तीन-चार वर्षांत जे घडतं तिथे पाहायला हवं. घरात किती पैसा आहे, आईला बाळंतपणात डॉक्टर मिळाला का, जुन्या घराच्या भिंतीवरच्या रंगातलं शिसं पोटात गेलं का, दिवसभर सांभाळणारं माणूस किती थकलेलं होतं, हे सगळं त्यात आलं.

१९७१ ते १९८८ मध्ये काय झालं, याचंही उत्तर याच दिशेने जातं. १९६०च्या दशकात नागरी हक्कांचे कायदे आले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतल्या इस्पितळांनी कृष्णवर्णीय रुग्णांसाठी दारं उघडली, कारण त्याशिवाय त्यांना मेडिकेअर या नव्या सरकारी योजनेचे पैसे मिळणार नव्हते. कृष्णवर्णीय अर्भकांचं मरण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. त्या काळात जन्मलेली बाळंच १९८०च्या दशकात त्या चाचणीला बसली. त्यांच्या आयांचं शिक्षण वाढलं होतं, गरीब मुलांसाठी १९६५ मध्ये ‘हेड स्टार्ट’ नावाच्या सरकारी बालवाड्या सुरू झाल्या होत्या, आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा एकदाच्या एकत्र झाल्या होत्या. यातल्या कशाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत. दरी हलते, आणि ती कायद्याने, पैशाने, दवाखान्याने हलते, हे त्या भांडणाच्या दोन्ही बाजूंना मान्य आहे.

हा इतिहास आपल्याला वाटतो तेवढा लांबचा नाही. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई भिडेवाड्यात मुलींची शाळा काढत होते. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये बेंजामिन रॉबर्ट्स नावाच्या कृष्णवर्णीय बापाने नगराविरुद्ध खटला भरला. त्याची पाच वर्षांची मुलगी सारा वाटेतल्या पाच गोऱ्या शाळा ओलांडून लांबच्या ‘काळ्यांच्या’ शाळेत जात होती. खटला तो हरला, पण १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून अशा वेगळ्या शाळा बंद केल्या. दक्षिणेत तर गुलामाला अक्षर शिकवणं हाच कित्येक राज्यांत गुन्हा होता. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दुर्दैवाने त्यानंतर काही वर्षांतच अमेरिका मागे फिरली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केलं, आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं दक्षिणेतल्या शाळा वेगळ्या राहिल्या. समान त्या कधीच नव्हत्या.

हे ‘समान’ कसं होतं ते पाहायचं तर व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बघावं. फार्मविल गावातलं कृष्णवर्णीयांचं मोटन हायस्कूल बांधलं होतं १८० मुलांसाठी, आणि बसत होती साडेचारशे. जागा पुरेना तेव्हा आवारात डांबरी कागद लावलेल्या लाकडी खोपट्या उभ्या केल्या. गोऱ्यांच्या शाळेत ही वेळ आली नव्हती. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या १६ वर्षांच्या मुलीने सगळी शाळा सभागृहात बोलावली आणि संप घडवून आणला. त्या संपातून खटला उभा राहिला, आणि १७ मे १९५४ रोजी ज्या पाच खटल्यांवर एकत्र निकाल लागला, त्यातला तो एक. ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ या नावाने तो निकाल ओळखला जातो. वेगळ्या शाळा मुळातच विषम असतात, असं नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं.

आपण सहसा गोष्ट इथे संपवतो. पण प्रिन्स एडवर्डमध्ये पुढे काय झालं? एकत्र शाळा चालवण्यापेक्षा काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं. गोऱ्या मुलांसाठी लगोलग खासगी शाळा निघाली आणि त्यासाठी सरकारी अनुदानही मिळालं. सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. ज्यांचे नातेवाईक दुसऱ्या गावी होते त्यांनी मुलं तिकडे पाठवली. बाकीची तंबाखूच्या शेतात, घरकामात, लहान भावंडं सांभाळण्यात गेली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हस्तक्षेप केला तेव्हा शाळा उघडल्या. पाच वर्षं! १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीत आहे. त्याची मुलं, नातवंडं शाळेत गेली, तेव्हा घरात अभ्यास घ्यायला बसलेलं माणूस कोण होतं याचा विचार करा. इतिहास आजच्या गुणपत्रिकेत कसा उतरतो, असं कुणी विचारलं तर मी हे गाव दाखवतो.

ब्राउन निकालाची आणखी एक किंमत फारशी सांगितली जात नाही. शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि दक्षिणेत व आसपासच्या राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात ३८ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं गोऱ्या शाळेत आली, त्यांचे मास्तर मात्र बाहेर राहिले.

आता आजच्या दरीचं खरं यंत्र, म्हणजे घराचा पत्ता. अमेरिकेत सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये तुमचं घर, त्याच डिस्ट्रिक्टच्या शाळेत तुमचं मूल. शाळेच्या खर्चाचा साधारण ४५ टक्के भाग स्थानिक पैशातून येतो, आणि तो मुख्यतः घरपट्टीचा. जवळपास तेवढाच राज्य सरकार देतं, केंद्राचा वाटा दहाएक टक्के. अमेरिकेत घर घेताना मराठी जोडपी आधी काय बघतात? ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कशी आहे?’ शाळेचं रेटिंग चांगलं तर घर महाग, घर महाग तर घरपट्टी जास्त, घरपट्टी जास्त तर शाळेकडे पैसा, आणि पैसेवाल्या घरांतली मुलं एकत्र आल्यावर रेटिंग आणखी वर.

या चक्रात शिरायला आधी महाग घर परवडावं लागतं, आणि इथेच रंग आडवा येतो. १९३०च्या दशकात सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना श्रेणी दिल्या. कृष्णवर्णीय राहत असलेल्या वस्त्या जवळपास सरसकट लाल रंगात, म्हणजे ‘कर्ज देण्यास धोकादायक’. सरकारी हमीवरची स्वस्त गृहकर्जं उपनगरांत गोऱ्यांना मिळाली, लाल वस्तीत मिळाली नाहीत. महायुद्धानंतर गोऱ्या मध्यमवर्गाची संपत्ती उभी राहिली ती या घरांतून. घर आजोबांनी घेतलं, त्याची किंमत वाढली, त्यावर बापाचं कॉलेज झालं, नातवाच्या घराचं डाउन पेमेंट झालं. २०२२ च्या केंद्रीय पाहणीनुसार मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर आहे, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. म्हणून ‘उत्पन्न सारखं असलं तरी फरक का उरतो?’ या प्रश्नाचं मोठं उत्तर इथे आहे. पगार सारखा असला तरी बँकेतली शिल्लक, घर, शेजार सारखा नसतो. सारख्या पगाराचं कृष्णवर्णीय कुटुंब सरासरीने जास्त गरीब वस्तीत राहतं.

घरपट्टीचा हिशेब एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात १९६०च्या दशकाच्या अखेरीस एजवूड नावाची डिस्ट्रिक्ट होती, जवळपास सगळी मेक्सिकन वंशाची गरीब वस्ती. त्याच शहरात अलामो हाइट्स ही श्रीमंत गोऱ्यांची डिस्ट्रिक्ट. एजवूडच्या लोकांनी स्वतःवर घरपट्टी लावून घेतली होती मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. म्हणजे गरीब वस्ती श्रीमंत वस्तीपेक्षा जास्त दराने कर भरत होती. त्यातून एजवूडला एका मुलामागे मिळाले २६ डॉलर. अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राचा पैसा धरल्यावरही एका मुलामागे एजवूडकडे ३५६ डॉलर होते आणि अलामो हाइट्सकडे ५९४. दिमेत्रिओ रॉड्रिग्ज या पालकाने इतरांबरोबर खटला भरला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला आणि शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं.

१८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा पडतो तो रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर. एजवूडच्या पालकांना जोतीरावांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण दोघांची तक्रार एकाच जागेवर बोट ठेवते.

एजवूडच्या निकालानंतर पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, दुसरा दरवाजा बंद झाला. डेट्रॉइट शहरातले गोरे लोक उपनगरांत निघून गेले होते. शहरातल्या शहरात शाळा एकत्र करायच्या म्हटलं तर एकत्र कोणाला करणार? खालच्या न्यायालयाने शहराबरोबर आसपासच्या ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट धरून योजना सुचवली. सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांना यात ओढता येणार नाही, असा युक्तिवाद. ब्राउन खटला लढवणारे थर्गुड मार्शल तेव्हा न्यायाधीश होते. आपली मुलं एकत्र शिकली नाहीत तर आपले लोक कधी एकत्र राहायला शिकतील ही आशा फार थोडी आहे, असं त्यांनी विरोधी मतात लिहिलं. माझ्या मते आजच्या अमेरिकेतल्या शाळा समजून घ्यायच्या तर ब्राउनपेक्षा हा निकाल जास्त महत्त्वाचा आहे. त्या दिवसापासून डिस्ट्रिक्टची हद्द हीच कुंपणाची भिंत झाली, आणि त्या भिंतीच्या आत राहायला जाण्याची किंमत घराच्या बाजारभावात मोजली जाऊ लागली.

एकत्र शिकल्याने खरंच फरक पडतो का? १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांच्या सरकारी अहवालाने सुमारे चार हजार शाळांची पाहणी करून एक अडचणीचा निष्कर्ष काढला. मुलाच्या गुणांवर शाळेची इमारत, पुस्तकं, खर्च यापेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम मोठा दिसतो, आणि त्याखालोखाल वर्गात सोबत कोण बसतं याचा. ‘म्हणजे शाळेवर खर्च करून उपयोग नाही’ असा अर्थ त्यातून कित्येकांनी काढला, आणि तो अजूनही निघतो. पण नंतरच्या अभ्यासांनी तो खोडून काढला आहे. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी न्यायालयांच्या आदेशाने एकत्र झालेल्या शाळांतल्या मुलांचा त्यांच्या प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण, पगार, आरोग्य सगळंच सुधारलेलं दिसलं, आणि गोऱ्या मुलांचं काही नुकसान झालं नाही. खर्चाचंही तसंच. शाळेत बाराही वर्षं दहा टक्के जास्त खर्च झाला, तर ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचा पगार सुमारे सात टक्क्यांनी जास्त होता, आणि गरीब मुलांत त्याहून जास्त. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या शाळांचे निकाल ताडून पाहिले तेव्हा दरीशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती ही, की कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गरीब मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या शाळेपेक्षा किती जास्त आहे. गोऱ्यांच्या शेजारी बसल्याने कुणी हुशार होतं, असा याचा अर्थ मुळीच नाही. जिथे सगळीच मुलं गरीब, तिथे अनुभवी शिक्षक टिकत नाहीत, वरच्या पातळीचे विषय शिकवले जात नाहीत आणि शाळेची सगळी ताकद रोजची संकटं निस्तरण्यात जाते.

मुलं एका इमारतीत आली तरी काम संपत नाही. इमारतीच्या आतही वाटे पडतात. ‘गिफ्टेड’ वर्गाचं, म्हणजे विशेष हुशार ठरवलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाचं, उदाहरण घेऊ, कारण आपल्या मराठी पालकांना तो फार जवळचा विषय आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत २००५ पर्यंत या वर्गात जायचं तर शिक्षकाने किंवा पालकाने मुलाचं नाव सुचवावं लागे, मग बुद्धिमापन चाचणी. खिशात पैसे असले तर पालक खासगी मानसशास्त्रज्ञाकडूनही चाचणी करून घेत. मग डिस्ट्रिक्टने नियम बदलला. दुसरीतल्या सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायची, कुणी नाव सुचवो वा न सुचवो. गिफ्टेड ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या ८० टक्क्यांनी वाढली, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांची १३० टक्क्यांनी. ही मुलं आधीही त्याच वर्गात, त्याच बाकावर होती. त्यांच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलं नव्हतं, एवढंच. पुढे मंदी आली, पैसे आटले, सर्वांच्या चाचण्या थांबल्या आणि प्रमाण पुन्हा जवळपास मूळपदावर आलं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा हा अभ्यास वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

शिक्षेचंही तेच. २०१३-१४ च्या सरकारी आकडेवारीत शाळेतल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय साडेपंधरा टक्के होती, पण शाळेतून काही दिवसांसाठी काढून टाकलेल्या मुलांमध्ये ३९ टक्के. बालवाडीत तर १९ टक्के मुलं आणि ४७ टक्के निलंबनं. चार वर्षांच्या बाळाला निलंबित करतात, हेच आधी मनाला पटत नाही. घरी पाठवलेलं मूल त्या दिवशी शिकत नाही, आणि शाळा आपली नाही हे मात्र पक्कं शिकतं. याच्या उलट, तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला तर नॉर्थ कॅरोलायनातल्या गरीब कृष्णवर्णीय मुलग्यांत शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आधी सांगितलेल्या ३८ हजार शिक्षकांची आठवण इथे यावी.

आता आपल्या मुलांकडे येऊ. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी साधारण तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण याच्या आसपासही नाही. म्हणजे अमेरिकेत पोहोचलेला भारतीय हा भारताचा नमुना नव्हे. १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांना दार उघडलं, आणि पुढे विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी या चाळण्यांतून इंजिनियर, डॉक्टर, एम.एस. झालेलेच वर आले. आमच्याकडचे इंजिनियर आई-बाप मुलाला बीजगणित स्वतः शिकवतात, शनिवारी गणिताच्या क्लासला नेतात, चांगली डिस्ट्रिक्ट बघून घर घेतात. मेहनत त्यांची आहेच, ती नाकारण्याचं कारण नाही. पण ती पोरं शर्यतीच्या कुठल्या रेषेवरून पळायला लागली तेही बघायला हवं. निर्वासित म्हणून आलेल्या, आग्नेय आशियातल्या हमोंग समाजाच्या किंवा भूतानी कुटुंबांत पदवीधरांचं प्रमाण खूप कमी आहे. तेही आशियाईच! उलट नायजेरियातून आलेल्यांत पदवीधरांचं प्रमाण गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त आहे, आणि तेही कृष्णवर्णीयच. रंगात किंवा ‘संस्कारां’त उत्तर असतं तर हे असं दिसलं नसतं. आपली मुलं म्हणजे त्या मुलांच्या अपयशाचा पुरावा, हे बोलणं आपण सोडलं पाहिजे. आपल्याला अमेरिकेत जाऊ देणारा १९६५ चा कायदा ज्या वातावरणात झाला, ते वातावरण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलं होतं, एवढं तरी लक्षात ठेवावं.

दरी कमी करण्याचे उपाय गूढ नाहीत. टेनेसीत १९८५ पासून चार वर्षं हजारो लहान मुलांना चिठ्ठ्या टाकून लहान आणि मोठ्या वर्गांत वाटलं. २२ ते २५ ऐवजी १३ ते १७ मुलांचा वर्ग केल्यावर सगळ्यांचाच फायदा झाला, आणि कृष्णवर्णीय मुलांचा सगळ्यात जास्त. मिशिगनमधल्या यप्सिलँटी गावात १९६०च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर बालवाडीचा प्रयोग झाला. बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत विरली, पण बालवाडीत गेलेली मुलं मोठेपणी जास्त कमावताना आणि कमी वेळा तुरुंगात जाताना दिसली.

आणि मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर न्यू जर्सी आहेच, जिथे आपली माणसं सगळ्यात दाट वस्तीने राहतात. १९८१ मध्ये कॅमडेन, जर्सी सिटी अशा गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने ॲबट नावाने खटला उभा राहिला. केंद्रीय घटनेत शिक्षणाचा हक्क नसला तरी राज्याच्या घटनेत ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ सरकारी शाळांची हमी आहे, यावर तो लढवला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक निकाल दिले. गरीब डिस्ट्रिक्टना मुलामागे श्रीमंत उपनगरांइतकाच पैसा द्या, आणि १९९८ मध्ये त्याही पुढे जाऊन, तीन आणि चार वर्षांच्या मुलांना उत्तम बालवाडी द्या. वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं आणि शिक्षिका पदवीधर, प्रशिक्षित. अशा ३१ डिस्ट्रिक्ट झाल्या. त्या बालवाड्यांत दोन वर्षं गेलेली मुलं पाचवीपर्यंत भाषा-गणितात पुढे असल्याचं पाहणीत दिसलं.

पैसा पोहोचला, पण हद्दी तशाच राहिल्या. एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट. मैलभर अंतरावर एका शाळेत जवळपास सगळी मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, दुसरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १७ मे २०१८ रोजी, ब्राउन निकालाच्या तारखेलाच, काही संघटना आणि कुटुंबांनी राज्याविरुद्ध दावा लावला. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायाधीशांनी शाळांमधली वांशिक विभागणी ठळक असल्याचं मान्य केलं, मात्र संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवायला पुरावा पुरेसा नाही, असं म्हटलं. त्या दाव्यात आव्हान आहे ते एका साध्या नियमाला. मूल ज्या गावात राहतं त्याच गावाच्या सरकारी शाळेत त्याने जायचं. हा नियम बदलायचा की नाही, यावर न्यू जर्सीत आता खुली चर्चा आहे, आणि ज्यांनी तोच नियम बघून घर घेतलं, त्या मराठी कुटुंबांनाही त्या चर्चेत मत द्यावं लागणार आहे.